हाडांचा चहा, पण त्यात चहा कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न

खानदेशातली बरीच मुलं-मुली आता सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉककडे नोकरीला आहेत. त्यांचे आई-वडील महिना-पंधरा दिवस तिकडे राहून येतात, कुणी सहलीला जाऊन येतं. त्यांची पत्रं वाचली तर प्रश्न घरांचे नसतात, विमानांचे नसतात. असतात ते जेवणाचे. डुकराच्या बरगड्यांच्या सुपाबद्दल या वेळी सगळ्यात जास्त विचारणा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

सिंगापूरला मुलानं 'बाक कुत तेह' खाऊ घातलं. पाण्यासारखं नितळ, मिरीचा ठसका आणि लसूण. पुढे मलेशियात क्लांगला त्याच नावाचं सूप मागवलं तर काळंभोर, काढ्याच्या वासाचं आलं. खरं कोणतं? आणि नावात चहा आहे म्हणतात, तो कुठे असतो? (जळगाव)

दोन्ही खरी. 'बाक' म्हणजे मांस, 'कुत' म्हणजे हाड आणि 'तेह' म्हणजे चहा. शब्द होक्कियेन बोलीतले, दक्षिण चीनमधून आलेल्या कष्टकऱ्यांबरोबर तिकडच्या बंदरांत पोचलेले. सुपात चहापत्ती नसते. चहा शेजारच्या छोट्या किटलीत असतो, बहुधा तिएग्वानयिन जातीचा उलाँग, दूध-साखरेशिवाय. एक घोट सूप, एक घोट चहा असं चालतं. चहाच्या तुरटपणानं जिभेवरची चरबी निघते आणि पुढचा घास पुन्हा चवीनं खाता येतो.

सिंगापुरात जास्त चालतो तो तेओच्यू या चिनी समाजाचा प्रकार. त्यात पांढरी मिरी, सोललेली नव्हे तर अख्खी लसणाची गड्डी, मीठ आणि थोडा फिका सोया सॉस, हेच मुख्य. क्लांगचा होक्कियेन प्रकार गडद. त्यात दाट सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी, लवंग आणि चिनी वैद्यकातली मुळं: दांग ग्वी, च्वान श्योंग, यू जू, वर लालसर गोजी बेरी. दोन्हीकडे हाड तेच, पण एकात मिरी बोलते आणि दुसऱ्यात मुळं. दुकानात शिरताना 'मिरीचं की जडीबुटीचं?' एवढं विचारलं की फसगत होत नाही. मलेशियात 'कोरडं' बाक कुत तेहही मिळतं. त्यात रस्सा आटवून सुकी मिरची, भेंडी आणि सुकवलेला माकूळ घालतात. तर्रीच्या माणसाला हे तिसरं सगळ्यात लवकर आवडेल. २०२४च्या फेब्रुवारीत मलेशियानं राष्ट्रीय वारसा म्हणून जाहीर केलेल्या दहा पदार्थांत हे सूप आहे. डुकराचं मांस न खाणाऱ्यांसाठी तिथं कोंबडीचं 'चिक कुत तेह'ही करतात.

मागवताना तुकडा सांगायचा. 'पाय-कुत' म्हणजे बरगडी, 'साम-चान' म्हणजे पोटाचं थरांचं, चरबीचं मांस. पहिल्यांदा बरगडीच घ्या. सोबत भात आणि 'यू च्या क्वे' मागवा, म्हणजे तळलेल्या पिठाची पोकळ, लांब कांडी. आपण रश्श्यात भाकरी चुरतो तशी ती तुकडे करून सुपात बुडवायची, पण लगेच उचलायची. अर्ध्या मिनिटाहून जास्त राहिली तर तिचा लगदा होतो. सिंगापूरच्या बऱ्याच दुकानांत वाडगं रिकामं झालं की सूप पुन्हा भरून देतात, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. क्लांगमध्ये ही रीत गृहीत धरू नका, आधी विचारा.

आम्हाला सूप पानचट वाटलं. टेबलावर लाल मिरच्यांचे काप होते, ते सुपात टाकले तर शेजारचे पाहायला लागले. चूक झाली का? (धुळे)

पाप नाही, पण चव गेली. त्या बारीक लाल मिरच्या, 'चिली पाडी', फार तिखट असतात. सुपात पडल्या की मिरीचा घशाशी लागणारा उष्णपणा झाकला जातो आणि उरतं ते नुसतं तिखट पाणी. रीत अशी: छोट्या बशीत दाट काळा सोया सॉस घ्या, त्यात मिरचीचे चार काप आणि हवी तर कच्च्या लसणाची चिमूट टाका. मांसाचा तुकडा हाडापासून सोडवून त्यात बुडवा आणि भाताबरोबर खा. सूप वेगळं, नुसतं, गरम असतानाच प्या.

काळ्या मसाल्यावर वाढलेल्या जिभेला सुरुवातीला ते मोकळं वाटणारच. आपला रस्सा भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यावर उभा असतो. हे सूप हाडातून उतरलेल्या गोडीवर उभं असतं, आणि ती गोडी दोन-तीन घोट गेल्यावरच कळते. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका.

आई-वडील माळकरी आहेत, कांदा-लसूण चालतो, पण अंडं-मासळी काही नाही. दहा दिवस मलेशिया आणि थायलंड. काय खायचं? (अमळनेर)

'व्हेज आहे का?' हा प्रश्न तिथं पुरत नाही. भाजी दिसली म्हणजे शाकाहारी, असा तिकडे पुष्कळ ठिकाणी समज असतो. अडचण वरच्या पदार्थात नसते, बुडाच्या चवीत असते. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, 'बेलाचान'. कोळंबी-जवळ्यासारखे बारीक जीव आंबवून केलेली वडी, इंडोनेशियात हिलाच 'तेरासी' म्हणतात. लाल चटणीत, म्हणजे सांबलमध्ये, ती जवळजवळ असतेच. 'कांगकुंग बेलाचान' ही हिरवी पालेभाजी दिसायला निरुपद्रवी, पण नावातच वडी आहे. दुसरी, माशाचं पाणी. थायलंडमध्ये 'नाम प्ला', व्हिएतनाममध्ये 'न्वोक माम'. तिकडे ते मिठाच्या जागी वापरलं जातं. शहाद्याकडच्या मंडळींना पपई घरची, पण थायलंडचं कच्च्या पपईचं 'सोम ताम' बहुतेक वेळा नाम प्ला आणि सुक्या कोळंबीसकट येतं. तिसरी, डुकराची चरबी. चिनी गाड्यांवर नूडल्स आणि कधी पालेभाजीही तिच्यात परततात. चौथी, रस्सा. टोफूचं सूप असलं तरी पाणी कोंबडीच्या हाडांचं असू शकतं.

म्हणून शब्द नेमका वापरा. थायलंडमध्ये 'जे' म्हणा, पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसेल. त्यात मांस, मासा, अंडं, दूध नसतंच, कांदा-लसूणही नसतो. व्हिएतनाममध्ये शब्द 'चाय'. चिनी दुकानात बौद्ध शाकाहारी खानावळ विचारा. तिथं मांसासारखे दिसणारे तुकडे गव्हाच्या ग्लुटेनचे किंवा सोयाचे असतात, घाबरू नका. पण या ठिकाणी बटाटा-गाजर चालतं, त्यामुळे जैन वाचकांनी कंदमुळांबद्दल वेगळं विचारावं. क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स आणि सिंगापूरला सेरंगून रोड या भागांत दाक्षिणात्य शाकाहारी खानावळी भरपूर आहेत. रोज एक जेवण तिथं ठरवून टाका, म्हणजे उरलेल्या वेळी शोधाशोध करताना पोटात आग पडलेली नसेल.

न्याहारीला 'रोती चनाई' (सिंगापुरात 'प्राता') चांगली, थरांची पोळी. साधी हवी तर 'कोसोंग' म्हणा, म्हणजे 'रिकामी', आत अंडं नसलेली. तरी काही ठिकाणी पिठातच अंडं मळतात, ते विचारावं. सोबतची वाटी डाळीची आहे की माशाच्या रश्श्याची, हेही आधीच. 'काया टोस्ट'मधला हिरवट मुरंबा नारळ आणि अंड्याचा असतो, तो टाळा. सिंगापूरच्या 'कॅरट केक'मध्ये गाजर नसतं. मुळा आणि तांदळाच्या पिठाची वडी अंड्यात परतलेली असते, तीही नको. गोडात 'चेंडोल' निर्धास्त खा: नारळाचं दूध, ताडगूळ, हिरव्या शेवया, बर्फ. जळगावच्या लोकांना 'पिसांग गोरेंग', म्हणजे केळ्याची भजी, पाहून घरची आठवण येईल. फक्त त्याच कढईत मासे तळले जात नाहीत ना, ते पाहून घ्या.

मांसाहारी वाचकांसाठी यातच एक सूचना. मलय भाषेत 'दागिंग' म्हणजे नुसतं मांस, पण खानावळीत त्याचा अर्थ बहुधा गोमांस असतो. 'लेंबू' आणि इंडोनेशियात 'सापी' म्हणजे गाय-बैल. 'आयाम' कोंबडी, 'कांबिंग' बकरा किंवा मेंढी, 'इकान' मासा, 'उदांग' कोळंबी, 'बाबी' डुक्कर. थायलंडमध्ये 'न्वा' गोमांस, 'मू' डुक्कर, 'काय' कोंबडी. रेंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस, बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. 'रेंदांग आयाम' असं म्हटलं तरच कोंबडीचं येतं.

डुक्कर नको, गोमांस नको, पण तिथलं म्हणून काहीतरी खायचंय. काय मागवू? (पाचोरा)

हैनानी चिकन राइस. दिसायला उकडलेली कोंबडी आणि भात, पण कौशल्य सगळं भातात. कोंबडी न उकळणाऱ्या, नुसत्या वाफाळत्या पाण्यात शिजवतात आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे कातडी घट्ट होते आणि तिच्याखाली जेलीसारखा थर जमतो. तांदूळ कोंबडीच्या चरबीत आलं-लसूण घालून परततात आणि तिच्याच रश्श्यात, रांपेच्या (पांदनच्या) सुवासिक पानाबरोबर शिजवतात. चांगल्या ठिकाणी भाताचा दाणा सुटा आणि चमकदार असतो. चिकट, पिवळा, तेलकट आला तर ते दुकान सोडा. हाडाजवळ मज्जेचा गुलाबीपणा असतो, त्याला कच्चं समजू नये. पण मांसच पारदर्शक, रबरी दिसत असेल तर परत करा.

साते, म्हणजे काडीवर भाजलेले मांसाचे तुकडे. सोबतचा दाण्याचा सॉस खानदेशी माणसाला लगेच समजतो. दाणे भाजून भरड केलेले, त्यात चिंच, गूळ आणि वाटलेली मिरची. फक्त सॉसमध्ये बेलाचान असू शकते. पेनांगचं 'असाम लाक्सा' हे नूडल्सचं सूप आंबट असतं, माशाचं आणि चिंचेचं, त्यात नारळ नसतो. नारळाचं हवं तर 'करी लाक्सा' म्हणा. 'चार क्वे त्याव' या तांदळाच्या रुंद नूडल्सवर शिंपले टाकतात, ते अर्धकच्चे ठेवायची तिकडे आवड आहे. अर्धकच्च्या शिंपल्यांतून कावीळ पसरू शकते. 'शिंपले नकोत' असं सांगून मागवा, पदार्थ काही बिघडत नाही.

हे सूप घरी करायचंय. इकडे मिळणाऱ्या वस्तूंत होईल का? (शहादा)

मिरीचं होईल, आणि छान होईल. काळ्या सुपाची मुळं इकडे मिळणार नाहीत. ती हवीच असतील तर तिकडून येताना तयार पुडी आणा. तिच्यावर किती मांसाला एक पुडी ते लिहिलेलं असतं, त्याच्या पुढे जाऊ नका.

चौघांना पुरेल इतकं: डुकराच्या बरगड्या १ किलो (५-६ सेंटिमीटरचे तुकडे), लसणाच्या २ मोठ्या गड्ड्या, पांढरी मिरी २ मोठे चमचे, १ चक्रीफूल, ५ सेंटिमीटर दालचिनी, ३ लवंगा, पाणी २ लिटर, फिका सोया सॉस २ मोठे चमचे, मीठ.

बरगड्या गार पाण्यात घालून चुलीवर ठेवा, गरम पाण्यात टाकू नका. उकळी फुटली की पाच मिनिटं जोरात उकळू द्या. वर राखाडी फेस येईल. हे पाणी सगळं ओतून द्या, तुकडे एकेक करून वाहत्या पाण्याखाली धुवा, पातेलंही घासा. ही पायरी टाळायचा मोह होतो, पण सुपाचा नितळपणा आणि वास इथंच ठरतो.

मिरी कोरड्या तव्यावर मिनिटभर, वास सुटेपर्यंत शेका आणि खलबत्त्यात नुसती फोडा. एका दाण्याचे दोन-तीन तुकडे पुरे. पूड केली तर सूप गढूळ होतं आणि दाताखाली कचकच लागते. पांढरी मिरी म्हणजे पिकलेल्या मिरीचं साल काढलेलं दाणं. काळी वापरली तर सालीमुळे रंग आणि चव दोन्ही बदलतात. फोडलेली मिरी, चक्रीफूल, दालचिनी आणि लवंगा पातळ सुती फडक्यात बांधा. लसूण सोलायचा नाही. गड्डीचं वरचं सैल साल काढून ती तशीच अख्खी टाका. सालीमुळे पाकळ्या विरघळत नाहीत, शिजून लोण्यासारख्या होतात.

सगळं २ लिटर ताज्या पाण्यात घालून उकळी आणा आणि मग आच अगदी मंद करा. बुडबुडा एखाद-दुसराच यावा. झाकण अर्धवट ठेवून सव्वा ते दीड तास. मांस हाडावरून मागे सरकलं, पण स्वतःहून गळून पडलं नाही, की झालं. शेवटच्या दहा मिनिटांत सोया सॉस आणि दीड चमचा मीठ. मीठ आधी टाकलं तर पाणी आटल्यावर खारट होतं. फोडणी नाही, हळद नाही, वरून तूप नाही.

डुक्कर न चालणाऱ्या घरी बकऱ्याच्या छातीच्या बरगड्या घ्या, वेळ दोन तासांच्या आसपास धरा. शाकाहारी करायचं तर भिजवलेले सुके शिटाके मशरूम ८-१०, त्यांचं भिजवणाचं पाणी गाळून, सोबत धिंगरी, पनीरऐवजी टोफू आणि कोबीचे मोठे तुकडे. चाळीस मिनिटं पुरतात. लसूण तेवढाच, मिरी थोडी कमी.

मी केलं, पण पांढरट गढूळ झालं आणि शेवटी कडवट लागलं. मांसही चिवट. (चोपडा)

गढूळपणाचं कारण जवळजवळ नेहमी आच. जोरात उकळलं की चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून जातात आणि पुन्हा वेगळे होत नाहीत. कुकरमध्ये केलं असेल तरीही हेच होतं. कुकरच वापरायचा असेल तर उकळून धुण्याची पायरी सोडू नका, एका शिटीनंतर मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जाऊ द्या. नितळ होणार नाही, पण चव बरी येईल.

कडवटपणा तीन गोष्टींनी येतो: मिरी करपली, चक्रीफूल एकाच्या जागी तीन पडलं, किंवा मसाल्याची पुरचुंडी सूप गार होईपर्यंत आतच राहिली. गॅस बंद केला की पुरचुंडी बाहेर काढा. चिवट मांस म्हणजे बहुधा वेळ कमी पडला. एका तासाला बरगडीतला चिवट भाग सैल व्हायला नुकती सुरुवात झालेली असते, पुढच्या अर्ध्या तासात ती मऊ होते. गढूळ झालेलं सूप रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी वर जमलेला चरबीचा थर उचलून टाका. पुष्कळसं सुधारतं.

डुकराच्या मांसातून मेंदूत जंत होतात असं ऐकलं. मग खावं की नाही? (नंदुरबार)

या गोष्टीत दोन वेगळ्या वाटा एकत्र सांगितल्या जातात. अर्धकच्च्या मांसातल्या गाठींतून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे होतात. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून आणि भाज्यांतून पोटात जातात. म्हणजे डुकराच्या मांसाला कधीही न शिवणाऱ्यालाही तो आजार होऊ शकतो. उपाय दोन्हीकडचे करायचे. मांस परवानाधारक दुकानातूनच घ्या. त्यात तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे फुगे दिसले तर घेऊ नका. घरी आतपर्यंत शिजवा. वरचं सूप दीड तास शिजतं, तिथं प्रश्न राहत नाही. चिरायची पाटी आणि सुरी मात्र कोशिंबिरीपासून वेगळी ठेवा, आणि कोथिंबीर-मुळा नीट धुवा.

बिल मेनूतल्या किमतीपेक्षा बरंच जास्त आलं. फसवलं का? (भुसावळ)

सिंगापूरच्या रेस्टॉरंटमध्ये किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के कर लागतो. १०० डॉलरचे ११९ डॉलर ९० सेंट होतात. टेबलावर न मागता आलेले शेंगदाणे आणि ओले रुमालही बिलात येतात. नको असतील तर हात न लावता परत करा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या छोट्या गाळ्यांच्या सामाईक जागेत, यातलं काही नसतं, लिहिलेली किंमत तीच द्यायची. तिथं टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर जागा धरलेली आहे, तिथं बसू नका. जेवण झालं की ताट रॅकवर ठेवा. सप्टेंबर २०२१ पासून ते सक्तीचं आहे.

वडील रक्त पातळ करणारी गोळी घेतात, आणि युरिक ॲसिडही वाढलेलं आहे. एखादं वाडगं चालेल? (यावल)

गोळी वॉरफरिन असेल तर काळं, जडीबुटीचं सूप नकोच. त्यातल्या दांग ग्वीमुळे त्या गोळीचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. मिरीच्या सुपात दांग ग्वी सहसा नसते. पण हाडांच्या रश्श्यात युरिक ॲसिड वाढवणारं प्युरिन उतरतं आणि मीठही भरपूर असतं, त्यामुळे युरिक ॲसिडवाल्यांनी आणि रक्तदाब असलेल्यांनी मांसाचे एक-दोन तुकडे भाताबरोबर खावेत, सूप दोन-चार घोटच प्यावं आणि पुन्हा भरून घेऊ नये. जाण्याआधी डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवून हे सूप चालेल का तेही विचारून घ्या.